आधी राजा, मग चोर

दिवाळीच्या आधी आई मांडणीवरचे जुने कागद काढून नवे अंथरायची. वर्तमानपत्राची शाई डब्यांच्या बुडाला लागते म्हणून तिचा मासिकांवर डोळा असे, आणि मी रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने उचलून आणलेली मासिकं तिला आयतीच सापडत. अशाच एका दिवाळीत माझा कोनन तूरडाळीच्या डब्याखाली गेला.

मोठ्या आकाराचं, काळ्या-पांढऱ्या चित्रांचं इंग्रजी मासिक होतं ते. मुखपृष्ठ नव्हतं आणि शेवटची पानंही नव्हती. मी नववीत होतो. इंग्रजी कळायचं तेवढं कळायचं, बाकीचं चित्रांवर भागायचं. खांद्यापर्यंत केस वाढलेला एक उघडाबंब गडी, म्हणजेच कोनन, रात्रीचा एका चकाकत्या मनोऱ्यावर दोराने चढतो. बागेत सिंह, वर डुकराएवढा कोळी. सगळं पार करून तो आतल्या खोलीत शिरतो, तर समोर माणसाचं अंग आणि हत्तीचं तोंड. आधी त्याला मूर्तीच वाटते. मग मूर्तीची सोंड हलते.

पान फाडता फाडता आई थांबली.

"हा गणपती इथे काय करतोय?"

"गणपती नाही गं, परग्रहावरून आलाय तो. जादूगाराने कोंडून ठेवलाय."

"असेल. पण डब्याखाली नको."

ते एक पान देवघराच्या कप्प्यात गेलं, बाकीची पानं डाळींच्या आणि पोह्यांच्या डब्यांखाली. पुढे काय होतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

हत्तीच्या मनोऱ्याची ही मूळ कथा मार्च 1933 च्या 'वियर्ड टेल्स' या अमेरिकन मासिकात आली होती. मोठेपणी ती वाचली तेव्हा आईच्या त्या ओळखीचं नवल वाटलं. त्या गजमुखी प्राण्याचे डोळे जाळलेत, हातपाय मोडलेत, आणि त्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहतं. चोरी करायला आलेला कोनन तलवार उगारून उभा राहतो, आणि त्याला वाटतं की सगळ्या मनुष्यजातीचं पाप आपल्याच माथ्यावर आलंय. असा ओशाळलेला रानटी मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

'कोनन' हा उच्चारही मला उशिराच कळला. आम्ही शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयल साहेबांच्या धर्तीवर 'कॉनन' म्हणायचो. दोन्हीकडे नाव एकच, आयरिश. कोननच्या कथा लिहिणाऱ्या रॉबर्ट हॉवर्डला आयर्लंडचं भारी वेड होतं. तो स्वतः मात्र टेक्सासचा. 1906 चा जन्म, वडील खेडोपाडी फिरणारे डॉक्टर, आईला क्षय. 1919 मध्ये हे कुटुंब क्रॉस प्लेन्स नावाच्या छोट्या गावात आलं. पुढे तिथे तेल लागलं आणि तेलामागून यायची ती सगळी माणसं गावात आली. मारामाऱ्या, फसवाफसवी, रातोरात आलेला पैसा आणि रातोरात गेलेला पैसा हॉवर्डने पोरवयात जवळून पाहिला. व्हरांड्याला भिंती घालून केलेल्या अरुंद खोलीत बसून तो टाइपरायटर बडवायचा, आणि लिहिताना वाक्यं मोठमोठ्याने म्हणायचा. शेजाऱ्यांना ऐकू जायचं. एखाद्या गल्लीत असा मुलगा असता तर त्याच्याबद्दल काय बोललं गेलं असतं ते मला सांगता येईल. तिथेही तेच बोललं जायचं.

1932 च्या सुरुवातीला रिओ ग्रांदेच्या काठच्या एका गावात असताना कोनन आपल्या डोक्यात आयताच चालत आला, असं तो सांगत असे. ते पूर्णपणे खरं मानू नये. कोननची छापून आलेली पहिली कथा म्हणजे हॉवर्डच्याच कल नावाच्या दुसऱ्या एका राजाच्या, साभार परत आलेल्या कथेचं नवं रूप आहे. नवं नाव, थोडी जादू, थोडी भुतंखेतं, आणि डिसेंबर 1932 मध्ये ती छापून आली. लेखकाचं फडताळ उघडून पाहिलं की दैवी साक्षात्कारात बरेचदा जुनं सामान सापडतं.

या पहिल्या कथेतला कोनन मला फार आवडतो. जगातला सगळ्यात प्रसिद्ध रानटी वाचकांना पहिल्यांदा दिसतो तो टेबलाशी बसून लिहिताना! चाळिशीचा झालाय, अक्विलोनियाचं राज्य बळकावलंय, आणि दरबारातल्या नकाशांत उत्तरेकडचे देश धड दाखवलेले नाहीत म्हणून स्वतःच ते भरत बसलाय. मित्राजवळ कुरकुर करतो की लढाया परवडल्या, हा कारभार नको. ज्याने कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद भूषवलंय त्याला हे दुःख सांगावं लागणार नाही.

म्हणजे आधी राजा. मग एक कथा सोडून, हत्तीच्या मनोऱ्यात, मिसरूड फुटलेला चोर. त्यापुढे कधी समुद्री चाचा, कधी भाडोत्री शिपाई, कधी टोळीचा नायक. वयाचा, सालाचा काही हिशेब नाही.

माझे आजोबा गोष्टी अशाच सांगायचे. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. सांग्रो नदीच्या चिखलातून सुरुवात व्हायची, मधेच क्वेट्ट्याचा कोणी हवालदार यायचा, मग एकदम पेन्शनीच्या कचेरीतलं भांडण, आणि पुन्हा नदी. आजी आतून ओरडायची, "अहो, ते नंतरचं! तेव्हा सुमी झाली होती!" आजोबा क्षणभर थांबायचे आणि पुढचंही तसंच सांगायचे.

हॉवर्डलाही अशा आज्या भेटल्या. मिलर आणि क्लार्क नावाच्या दोन वाचकांनी छापून आलेल्या कथा ताडून कोननच्या आयुष्याचा क्रम लावला आणि हॉवर्डकडे तपासायला पाठवला. यातला क्लार्क रसायनशास्त्रज्ञ, पुढे अग्निबाणांच्या इंधनावर काम करणारा. शिस्त त्याच्या रक्तातच असणार. मार्च 1936 मध्ये हॉवर्डने त्यांना आनंदाने उत्तर लिहिलं, नकाशाही जोडला. क्रमाबद्दल त्याचं म्हणणं असं, की धाडसी माणूस आपल्या हकिगती सांगतो तेव्हा ओळीने सांगत नाही, जे आठवेल ते सांगतो. आपण कथा रचत नसून कोनन जे सांगतोय ते उतरवून घेतोय असंच आपल्याला वाटत आलंय, असंही त्याने लिहिलं.

उतरवून घेताना भूगोलाची मात्र त्याने चांगलीच सोय केली होती. अटलांटिस बुडाल्यानंतरचा आणि आपला इतिहास सुरू होण्याआधीचा एक काळ त्याने कल्पिला. त्यात कुठलीही दोन राज्यं शेजारी ठेवता येत आणि चुका काढायला इतिहासाचे मास्तर येत नसत. 1934 च्या एका दीर्घकथेत तर आपणच आहोत. देशाचं नाव वेंध्या, राजधानी अयोध्या, उत्तरेला हिमेलियन पर्वत, पलीकडे अफगुलिस्तान, मधे झैबर खिंड, सीमेवर पेशखौरी. राजा मरतो, त्याची बहीण देवी यास्मिना सूडाला निघते, आणि डोंगरातल्या अफगुली टोळ्यांचा म्होरक्या बनलेला कोनन तिलाच उचलून नेतो. नावं वाचताना हसू येतं. पण हॉवर्डची युक्ती माझ्या ध्यानात आली: ओळखीच्या नावाचा एखादा काना-मात्रा हलवला की वाचकाच्या डोक्यात डोंगर, खिंडी, घोडे आपोआप उभे राहतात. ज्याला शब्दाच्या हिशेबाने पैसे मिळतात, आणि तेही थकतात, त्याला अशी काटकसर लागतेच. 1935 मध्ये त्याला संपादकाला पत्र लिहून आठवण करून द्यावी लागली होती की छापून झालेल्या कथांचे आठशेहून जास्त डॉलर येणं आहे. आईच्या दुखण्यावर खर्च होत होता.

11 जून 1936 च्या सकाळी नर्सने सांगितलं की आई आता शुद्धीवर येणार नाही. हॉवर्ड बाहेर जाऊन गाडीत बसला आणि त्याने स्वतःला गोळी मारून घेतली. दुसऱ्या दिवशी आई गेली. तो तीस वर्षांचा होता.

त्यानंतर कोननचा ताबा त्या क्रम लावणाऱ्यांकडे गेला. 1950 पासून न्यूयॉर्कच्या एका छोट्या प्रकाशनाने त्याची पुस्तकं काढली. स्प्रेग द कॅम्प नावाचा लेखक त्यात आला आणि आमच्या आजीने जे नुसतं ओरडून केलं ते त्याने छापून केलं. अर्धवट कथा पुऱ्या केल्या, मधली रिकामी वर्षं नव्या कथांनी भरली, आणि हॉवर्डच्या भलत्याच नायकांच्या साहसकथांत नावं बदलून कोननला घुसवलं. मला हे रुचत नाही. पण द कॅम्पने खटपट केली नसती तर कोनन रद्दीतच राहिला असता, हेही मान्य करायला हवं.

1966 पासून स्वस्त आवृत्त्या आल्या, आणि त्यांवर फ्रँक फ्रॅझेटाची मुखपृष्ठं. काळोखातून उगवलेला, दगडासारखे स्नायू असलेला, लोकांना आता माहीत आहे तो कोनन इथला. हॉवर्डचा कोनन दांडगा असला तरी बिबट्यासारखा चपळ होता. चिलखत घालायचा, आणि मनोऱ्यावरच्या रात्रीसारख्या वेळी कंबरेच्या फडक्यावर निघायचा. चित्रकारांनी ते फडकं त्याला कायमचंच नेसवलं. आमच्याकडे तालमीतून निघालेला पैलवान घरी जाताना निदान अंगात सदरा घालतो.

कॉमिक्सची गोष्ट तर पैशाच्या तंगीची आहे. 1970 मध्ये मार्व्हलच्या प्रकाशकाने हक्कांसाठी अंकामागे 150 डॉलरची परवानगी दिली होती. लेखक रॉय थॉमसने लाजेकाजेस्तव 200 देऊ केले, आणि वरचे पैसे भरून काढायला महागडा चित्रकार जॉन बुसेमा सोडून द्यावा लागला. मिळाला तो बॅरी स्मिथ, विशीतला इंग्रज पोरगा, परवान्याशिवाय अमेरिकेत काम केल्याने परत धाडलेला. तो इंग्लंडहून चित्रं पाठवू लागला. त्याचा कोनन सडसडीत, गळ्यात तीन चकत्यांची माळ, डोक्यावर शिंगांचा टोप. सुरुवातीला खप उतरत गेला, मालिका बंद पडायची वेळ आली, आणि मग अशी सावरली की 1993 पर्यंत 275 अंक निघाले. बुसेमा पुढे आलाच. 1974 पासून मोठ्यांसाठी वेगळं काळं-पांढरं मासिकही निघालं. आमच्या तूरडाळीखाली होतं ते याच मासिकाचं, बुसेमाचं.

सिनेमा मी मधूनच पाहिला. शेजाऱ्यांकडे भाड्याने व्हीसीआर आला होता आणि माझी शिकवणी संपायला उशीर झाला. मी दारात चपला काढतोय तोवर पडद्यावर एक माणूस झाडाला ठोकलेला, वरून गिधाड उतरतंय, आणि तो गिधाडाच्या मानेचाच दातांनी चावा घेतो. काकू "शी!" म्हणून आत गेल्या. मला तेव्हापासून अर्नोल्ड श्वार्झनेगर या नावाचं स्पेलिंग पाठ आहे, उच्चाराची खात्री नाही.

1982 चा हा चित्रपट जॉन मिलियसने स्पेनमध्ये केला. कोननला आयुष्याचं एक सरळ कारण द्यायचं म्हणून त्यात लहानपणी आई-बाप मारले जातात, पोराला गुलाम करून घाण्यासारख्या प्रचंड चाकाला जुंपतात, आणि चाक फिरवता फिरवता पोराचा पहाड होतो. मूळ कथांत यातलं काही नाही. तिथला कोनन लोहाराचा मुलगा, रणांगणावर जन्मलेला, आणि जग बघायची हौस म्हणून घरातून निघालेला. खलनायकही कलच्या कथांतून उसना आणलाय. मनोरा आहे, पण आत हत्तीऐवजी साप. आणि अनेक भाषा जाणणारा, 'अफाट उदासी आणि अफाट हसू' असलेला गडी इथे जेमतेम तोंड उघडतो. एवढं असूनही बेसिल पोलेडुरिसचं संगीत सुरू झालं की माझी तक्रार मावळते. आणि ते गिधाड हॉवर्डचंच आहे, 1934 च्या एका कथेतलं. तिथे कोनन क्रुसावर असतो. पुढे 1984 चा दुसरा भाग, 2011 मधला जेसन मोमोआ, यांबद्दल आजी म्हणाली असती, "ते राहू दे."

मिलर आणि क्लार्कने बहुधा शेवटाबद्दलही विचारलं असावं, कारण त्या पत्रात उत्तर आहे. कोननचं पुढे काय झालं ते मलाही सांगता येत नाही, असं हॉवर्ड लिहितो.

गेल्या वर्षी आईचं जुनं घर आवरायला गेलो. मांडणीवर कागदांचे चार-पाच थर साचले होते. वरचा फाटला की ती त्यावर नवा टाकत गेलेली. तूरडाळीच्या डब्याखाली सगळ्यात तळाला पिवळं पडलेलं पान निघालं. डब्याच्या बुडाचा गोल गंजका डाग, आणि त्या डागाच्या मधोमध दोराला लटकलेला कोनन, पाय मनोऱ्याला टेकवलेला, अर्ध्या वाटेत.

मी ते पान सोडवायला लागलो तर आई म्हणाली, "राहू दे रे, चांगला जाड कागद आहे."