शेतकऱ्यांच्या व्हिडिओवर चॅनल चालवायचं आणि पैसे पण मिळवायचे

आमच्या सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा खूप, त्यामुळं माझ्या यूट्यूब चॅनलवरच्या निम्म्या क्लिपा शेतकरीच व्हॉट्सॲपवर पाठवतात. तेल्या (डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा रोग) पडलेलं फळ हातात धरून "दादा हे बघा, फवारणी झाली तरी डाग थांबंनात" असं बोलत काढलेल्या. लोकांना हेच बघायचं असतं पण मॉनेटायझेशनला, म्हणजे यूट्यूबकडून जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला, हेच आडवं येतं, कारण दुसऱ्याची क्लिप जशीच्या तशी टाकली की ती रीयूज्ड कंटेंटमध्ये (दुसऱ्याचंच पुन्हा वापरलेलं) धरतात, मग त्या माणसाची परवानगी असली तरी.

म्हणून मॉनेटायझेशनच्या अर्जाच्या आधीपासूनच क्लिप मधेच थांबवून तेलकट डाग कुठला, त्यातली चीर कुठं हे माझ्या आवाजात सांगायला लागलो, आणि जमेल तिथं बागेत जाऊन स्वतः शूट केलं. अटीतले १००० सबस्क्रायबर होऊन गेले पण वर्षात लोकांनी व्हिडिओ बघितल्याचे ४००० तास भरायला लई वेळ गेला. शॉर्ट्सला व्ह्यू भरपूर येतात पण शॉर्ट्स फीडमधला वेळ त्या ४००० तासात धरत नाहीत, शेवटी रात्रीचे प्रश्नोत्तरांचे लांब लाइव्हच कामाला आले.

पुढं कागदपत्रं. १० डॉलर झाले की ॲडसेन्सचा (गूगल यातूनच यूट्यूबचे पैसे देतं) पत्ता तपासायचा पिन साध्या टपालाने येतो, वाडीवस्तीवर घर नंबर नसतो, त्यामुळं पत्त्यात मु. पो. बरोबर वस्तीचं नाव आणि मोबाईल नंबर पण टाका, आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. नाव बँक पासबुकात आहे तसंच लिहा. अमेरिकेचा टॅक्स फॉर्म अजिबात टाळू नका, पॅन नंबर टाकून भारत-अमेरिका कर करार निवडला की फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या पैशातून १५% कापतात, फॉर्म नाही भरला तर जगभरातल्या कमाईला कात्री लागू शकते. आणि १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे खात्यात येतच नाहीत.

लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचा ५५% वाटा चॅनलला मिळतो, तो सगळा माझ्या एकट्याच्या खात्यात येतो. क्लिप पाठवणाऱ्याला काहीच नाही. हे मला पटत नाही, कारण बाग त्याची आणि नुकसान पण त्याचंच. पहिल्या पेमेंटमधून क्लिपा दिलेल्यांच्या माती-पाण्याच्या तपासणीचे पैसे भरले, प्रत्येकाला तसं फोन करून सांगितलं. इथून पुढं पण तेच करणार, आणि असे चॅनल चालवणाऱ्या बाकीच्यांनी पण पाठवणाऱ्याचा वाटा आधीच ठरवून घ्यावा.