लसीच्या दिवशी डॉक्टरांना एवढं विचाराच

लसीच्या दिवशी काय होतं, बाळाचं वजन होतं, लांबी मोजतात, सुई टोचल्यावर ते भोकाड पसरतं आणि आपण बॅग आवरून पळतो. पण खरी कामाची दोन मिनिटं त्यानंतरची असतात असं माझं पक्कं मत आहे. डॉक्टरांना विचारायचं, "पुढच्या भेटीपर्यंत हा नवीन काय काय करायला लागेल, आणि त्याआधी घरात काय बदलायचं?"

कारण बाळ काही सांगून पालथं पडत नाही ना! चार महिन्यांच्या आसपास एक दिवस वळतंच, काहींचं त्याआधीही, मग त्याला पलंगावर एकटं ठेवू नका हे आधीच कानावर पडायला हवं, खाली पडल्यावर ऐकून काय उपयोग.

झोपेचं तर पहिल्याच भेटीत बोलून घ्या. पाठीवरच झोपवायचं, सपाट कडक गादीवर, उशी नको, मऊ खेळणी नकोत. अमेरिकेत १९९४ मध्ये पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कसलं औषध नाही की मशीन नाही, फक्त कुशी बदलली.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. थोडंसं चाटवलं तर काय होतंय म्हणणारं कुणीतरी घरात असतंच, त्यांना डॉक्टरांसमोरच बसवा, आपलं कुठे कोण ऐकतं.

रांगायला लागायच्या आधी मात्र बटण सेलबद्दल नक्की विचारा, मला वाटतं याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. रिमोट, वजनकाटा, वाजणारी खेळणी, सगळ्यात तो चपटा सेल असतो. अन्ननलिकेत अडकला तर ओल्या जागी करंट वाहून आतली त्वचा अक्षरशः जळते, दोन तासांतही गंभीर इजा होते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं आणि एक्सरे करून घ्यायचा, उलटी काढायच्या भानगडीत पडायचं नाही.

आणि डॉक्टरमंडळी, तुम्हीही एका भेटीत वीस सूचना देऊ नका हो, रात्रभर जागलेल्या आईबापांच्या डोक्यात दोनच राहतात. त्या महिन्याच्या दोनच सांगा.

बाकी तापाचं औषध वजनावर आणि सिरिंजने मोजून द्यायचं, घरातल्या चमच्याने नाही. पहिला दात दिसला की तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश सुरू, आता तो तोंड उघडेल का हा वेगळाच विषय.