बर्फातला मेंढपाळ आणि मुलुंडचा जकातनाका

आमच्या मंडळीत पाळकसाहेबांकडे दोन चर्चं आहेत, त्यामुळे महिन्यातून एकदा संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, द्यायची पाळी माझ्यावर येते. मी काही सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, गेलेलो नाही, बँकेत नोकरी, सकाळी कुर्ल्याहून सीएसएमटी, संध्याकाळी परत. मग शिकायचं कुठून? तर छापील संदेशांमधून. फोर्टला फाउंटनजवळ फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायला बसतात तिथे मला स्पर्जन या 19 व्या शतकातल्या लंडनच्या उपदेशकाच्या संदेशांचा एक सुटा खंड मिळाला, पानं पिवळी, वाळवीनं कडा खाल्लेली, पण आत सगळं शाबूत. तिथून हे वेड लागलं.

स्पर्जनचं प्रकरण जरा सांगतो, कारण त्यातच शिकण्यासारखं खूप आहे. 1855 पासून त्याचे रविवारचे संदेश दर आठवड्याला छापून एक पेनीला विकले जायचे. तो स्वतः व्यासपीठावर लहानशा कागदावर चार मुद्दे लिहून घेऊन उभा राहायचा, स्टेनोग्राफर सगळं उतरवून घ्यायचे आणि सोमवारी तो बसून ते सुधारायचा. म्हणजे आपण जे वाचतो ते रविवारी बोललेलं जसंच्या तसं नाही, सोमवारी हात फिरवलेलं आहे! हे मला कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण मी वर्षभर माझ्या अडखळत्या बोलण्याची तुलना त्याच्या गुळगुळीत वाक्यांशी करून रडत होतो. 1892 ला तो वारला तरी शिल्लक साठ्यातून छपाई चालूच राहिली, 1917 मध्ये महायुद्धामुळे कागद मिळेना तेव्हा थांबली. एकूण 63 खंड, साडेतीन हजारांच्या वर संदेश. लोकलमध्ये रोज एक वाचला तरी दहा वर्षं जातील.

आता माझी फजिती. दोनेक वर्षांपूर्वी ऑफिसात ऑडिट चालू होतं, तयारीला वेळ नाही, म्हणून एका इंग्रजी संग्रहातला (स्पर्जन नव्हे) हरवलेल्या मेंढराचा संदेश मी जवळजवळ अख्खा मराठीत उतरवला आणि देऊन टाकला. त्यात बर्फाच्या वादळात रात्रभर मेंढरू शोधणारा एक मेंढपाळ होता. मी अगदी आवाज कापरा वगैरे करून सांगितलं. उपासना संपल्यावर चहाला दुसऱ्या बाकावरच्या मावशी आल्या, म्हणाल्या, "बाळा, बोललास छान. पण तो बर्फातला माणूस तुझ्या ओळखीचा होता काय रे?" मी म्हटलं नाही मावशी, पुस्तकातला. "वाटलंच," म्हणाल्या, आणि बिस्किट बुडवून खाल्लं. बस्स. भायखळ्यात जूनच्या उकाड्यात घाम पुसत बसलेल्या माणसांना मी बर्फ विकत होतो.

बरं, दुसऱ्याचा संदेश वाचून दाखवणं ही काही चोरीच असते असं नाही हं. इंग्लंडमध्ये 1547 ला चर्चनं स्वतःच बारा संदेशांचं पुस्तक काढलं होतं, ज्या पाळकांना स्वतःला बोलता येत नाही त्यांनी ते वाचावेत म्हणून. जुन्या काळातला मोठा ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीन, त्यानंही लिहून ठेवलंय की ज्याला स्वतः रचता येत नाही त्यानं दुसऱ्याचं चांगलं पाठ करून बोलावं. त्यामुळे मावशींचं बोलणं मला चोरीपेक्षा वेगळ्या ठिकाणी लागलं. माणूस ओळखीचा नव्हता हे त्यांना ऐकू आलं होतं.

आणि छापील कागदावर समोरची मंडळी नसतेच ना. 18 व्या शतकातला अमेरिकेतला पाळक जोनाथन एडवर्ड्स, त्याचा देवाच्या क्रोधावरचा तो प्रसिद्ध संदेश आधी त्याच्या स्वतःच्या मंडळीत होऊन गेला होता, काही विशेष घडलं नाही. तोच 1741 च्या जुलैत एनफिल्ड नावाच्या दुसऱ्या गावी दिला तर लोक ओरडायला, रडायला लागले, पुढे बोलणं मुश्किल. कागद तोच! मग आपण कागदावरून नक्की काय शिकणार?

माझ्यापुरतं उत्तर असं की सांगाडा शिकायचा. वचनातला, म्हणजे बायबलच्या उताऱ्यातला, कुठला शब्द धरलाय, पहिला दाखला किती वेळानं येतो, ऐकणाऱ्याला "तू" कधी म्हणतो. मी पेन्सिलीनं मार्जिनमध्ये खुणा करतो. मांस आपलं आपणच आणायचं. आणि एक गोष्ट इंग्रजी संग्रह कधीच शिकवत नाहीत, ती म्हणजे आपल्या माणसांचा कान कीर्तनावर घडलाय. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मधे पद. अहमदनगरकडे 19 व्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं सुरू झाली होती आणि रेव्हरंड टिळकांची भजनं तर आपण अजून म्हणतो. "पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा मुद्दा" सुरू झालं की मागचे बाक मोबाईल काढतात, पण मधेच एक कडवं म्हटलं की माना वर येतात, हे मी करून बघितलंय.

हल्ली नियम एकच, आधी आठवडाभर फक्त वचन, संग्रह गुरुवारनंतर. येत्या रविवारी बायबलमधला लूक 19, येशूला बघायला झाडावर चढलेला जक्कय. मुख्य जकातदार! हा शब्द वाचला आणि मला मुलुंडचा जकातनाका आठवला, 2017 ला जीएसटी येऊन जकात बंद होईपर्यंत तिथे ट्रकांच्या रांगा लागायच्या, आमचे शेजारी टेम्पो चालवायचे, नाक्यावरच्या माणसाबद्दल ते जे बोलायचे ते चर्चमध्ये सांगता येणार नाही. तसल्या माणसाच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला म्हटल्यावर शेजाऱ्यांचं तोंड कसं झालं असतं ते मला लगेच दिसलं. आणि झाड तरी कुठलं, आपल्या मराठी बायबलात उंबराचं. उंबर कुणाला समजावून सांगायला नको.

काल रात्री मग स्पर्जन उघडला. 1856 चा संदेश, तो येशूच्या "त्वरा करून खाली ये" या शब्दांवर उभा राहिलाय, मी मात्र येशू जक्कयाच्या घरी गेला म्हणून कुरकुर करणाऱ्या लोकांपाशीच अडकून बसलोय. त्याचं घ्यावंसं खूप वाटतंय. पण टेम्पोवाले काका माझ्या ओळखीचे आहेत, आणि मावशी दुसऱ्या बाकावर असणारच.