नोकरी सोडून पीएचडी करायचं ठरवलंय

जेआरएफला, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नेट परीक्षेतून पीएचडीसाठी मिळणाऱ्या फेलोशिपला, वयाची अट आहे. खुल्या गटात 30 वर्षं, बायकांना त्यात 5 वर्षांची सवलत. मी 34 ची आहे. त्यामुळे दोन वर्षं जे वाक्य सगळ्यांना ऐकवत आले, 'पुढच्या वर्षी बघू', ते आता संपलं. ठरवणं भाग होतं.

मी गोवंडी-मानखुर्द भागात टीबीच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. गोळ्या सरकारी केंद्रातून मिळतात. आमचं काम त्या पोटात जातायत ना हे बघणं, वजन, थुंकीची तपासणी, घरच्यांची तपासणी, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवरची नोंद. मला हे काम मनापासून आवडतं, आणि पीएचडीचा विचार कंटाळ्यातून आलेला नाही. तो एका बाईमुळे आला.

ती मूळची जालन्याकडची, लल्लूभाई कंपाउंडमध्ये राहणारी. पहिल्या भेटीत तिने गोळ्यांबद्दल काहीच विचारलं नाही. "ताई, पैशांचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो?" एवढंच विचारलं. निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला आहारासाठी उपचार चालू असेपर्यंत महिन्याच्या हिशोबाने पैसे थेट बँक खात्यात मिळतात. 2018 मध्ये योजना आली तेव्हा महिन्याला 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. तिचं खातं होतं, पण त्याला नंबर नवऱ्याचा जोडलेला. मेसेज आला की घरात कळणार. साध्या टीबीचा कोर्स 6 महिन्यांचा, म्हणजे 6000 रुपये. ते तिने नको म्हटले. गोळ्यांची पाकिटं ती सॅनिटरी पॅडच्या पुड्यात ठेवायची, कारण घरात त्या पुड्याला दुसरं कुणी हात लावत नाही. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी केशरी होते, म्हणून दर वेळी दोनदा पाणी ओतायची. मला सांगून ठेवलेलं, "याल तेव्हा खालूनच फोन करा, सासूबाईंना कळायला नको."

पुढे ती माहेरी गेली आणि फोन बंद झाला. तिच्या गावचा पत्ता आमच्याकडे नव्हता. महिन्याच्या अहवालात तिच्या नावापुढे 'संपर्क तुटला' असं लिहिलं गेलं. नोंद खरीच आहे. पण पॅडचा पुडा, नवऱ्याचा नंबर, सासू, हे लिहायला त्या तक्त्यात रकाना नाही. अशा कितीतरी बायका त्याच दोन शब्दांत जाऊन बसतात. आमचा निधी सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातला. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, त्यातून आमच्यासारख्यांचे पगार निघतात, आणि मला त्याची किंमत आहे. पण हिशोब एप्रिल ते मार्च चालतो. किती तपासले, किती बरे झाले, हे विचारलं जातं. बाई गोळी का लपवते, याला कुठल्याच वर्षाच्या बजेटमध्ये जागा नसते.

सहकारी म्हणतात, अजून एक प्रबंध कपाटात पडेल. या म्हणण्यावर मी खूप विचार केला. लल्लूभाई, नटवर पारेख या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथे टीबी जास्त आहे हे वस्तीतली माणसं कधीपासून सांगत होती. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी अभ्यास करून घरातलं ऊन-वारा आणि टीबी यांचा संबंध मोजून दाखवला. इमारती आजही तशाच उभ्या आहेत, हे खरं. पण आता बैठकीत 'तुम्हाला तसं वाटतं' असं म्हणून कुणाला विषय मिटवता येत नाही. माझ्या बायकांसाठी असा एकही कागद नाही.

मग नोकरी सांभाळून का नाही? यूजीसीच्या 2022 च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीची सोय आहे, संस्थेचं ना हरकत पत्र लागतं, आणि आमच्या मॅडम ते द्यायला तयार होत्या. मी जवळजवळ हेच करणार होते. पण देवनारला ज्या सरांना भेटले, त्यांनी एकच विचारलं: "जिच्या औषधांची जबाबदारी तुझ्यावर आहे, ती तुझ्या संमतीपत्रावर 'नाही' कशी म्हणेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती बाई मला हो म्हणाली असती, कारण मी तिचं गुपित सांभाळत होते. अशा होकारावर मला अभ्यास उभा करायचा नाही. प्रश्न विचारायचा असेल तर आधी गोळ्यांची पिशवी दुसऱ्याच्या हातात द्यायला हवी.

ज्या संस्थेत ही भेट झाली, ती टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, 1936 ची. नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांना प्रशिक्षित माणसं हवी होती, त्यातून ती उभी राहिली. म्हणजे वस्ती आणि वर्ग या दोन टोकांच्या गोष्टी आहेत, असं मला कुणी सांगू नये.

पैशांचं आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली. जेआरएफ महिन्याला 37,000, घरभाडं वेगळं. माझ्या पगारापेक्षा ते जास्तच आहे. पण मिळाली तर. आणि किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 6, त्यानंतर काय, हा तिचा प्रश्न योग्य आहे. त्यावर मी तिला खोटा धीर दिलेला नाही.

आता असं ठरलंय. डिसेंबरच्या नेटचा फॉर्म भरायचा. माझ्याकडचे आत्ताचे रुग्ण कोर्स संपेपर्यंत माझ्याकडेच राहतील, नवीन नोंदी सहकारी घेईल. अभ्यास आमच्या यादीतल्या बायकांवर करायचा नाही. कुर्ल्याच्या बाजूला, जिथे मला कुणी 'गोळीवाली ताई' म्हणून ओळखत नाही, तिथे करायचा. जेआरएफ नाही मिळाली आणि नुसती पीएचडीपुरती पात्रता मिळाली, तर तो निकाल एकच वर्ष चालतो. तेवढ्या वर्षात प्रवेश घ्यायचा आणि साठवलेल्या पैशांवर पहिलं वर्ष काढायचं, हेही आईशी बोलून झालंय.

टीबीच्या कामात असलेल्या कुणाला 'संपर्क तुटला' असं लिहिलेल्या बायका पुन्हा सापडल्या असतील, तर त्या कशा सापडल्या ते मला जरूर सांगा. नावं नकोत.