इंदूर–महेश्वर–इंदूर: कूलंटची गळती काढून मगच घाट

लोकमान्यनगरातून निघून महू, जाम गेटचा घाट उतरून मंडलेश्वर, तिथून महेश्वर. आणि येताना धामनोद, गुजरी, मानपूर असं एबी (आग्रा-मुंबई) रोडचा घाट चढून परत इंदूर. एका दिवसाचा हा फेरा जुन्या गाडीच्या कूलिंगची जेवढी परीक्षा घेतो, तेवढी शहरातलं महिनाभराचं फिरणं घेत नाही. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि महेश्वरचा नर्मदाकाठ त्याहून जवळजवळ ४०० मीटर खाली. जाताना गाडी उतारावर असते, म्हणून काही जाणवत नाही. येताना निमाडच्या, म्हणजे खालच्या नर्मदाखोऱ्याच्या, उन्हात तापलेली गाडी चढाला लागते आणि कच्ची जागा तिथे उघडी पडते. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक होती आणि फरशीवर सकाळी हिरवट थेंब दिसत होते. त्याचा छडा लावल्याशिवाय निघायचं नाही, असं ठरलं होतं.

सुरुवात पुठ्ठ्याने करावी. फ्रिजचा खोका उघडून सपाट केलेला पुठ्ठा रात्रभर इंजिनाखाली ठेवायचा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनने आखायच्या, म्हणजे डाग नेमका कशाखाली पडला ते सकाळी कळतं. बिनवासाचं स्वच्छ पाणी एसीचं असतं, ते सोडून द्या. काळपट-तपकिरी आणि बोटाला बुळबुळीत ते इंजिन ऑइल. लाल असेल तर पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं ते गिअर ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा निळं, किंचित गोडसर वासाचं आणि वाळल्यावर चिकट पांढरी खपली धरणारं ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल समजा. अशी गाडी जाम घाटात नेऊच नका, ती जागेवरच दुरुस्त करून घ्या.

थेंब जिथे पडतो तिथेच गळतं असं नाही. द्रव पाइपावरून, ऑइल चेंबरच्या कडेवरून ओघळत सर्वात खालच्या टोकाशी जातो आणि गाडी चालताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून ओलीचं सर्वात वरचं आणि सर्वात पुढचं टोक शोधायचं. आधी इंजिन धुऊन कोरडं करा, अर्धा तास गाडी चालवा आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा बघा. कूलंट फिरवणारा पंप थांबला की इंजिनातली उष्णता बाहेर पडायला वाव नसतो, त्यामुळे कूलंटचं तापमान आणि दाब काही वेळ आणखी वाढतो आणि चालत्या गाडीत कोरडा दिसणारा जोड तेव्हा पाझरतो. गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर असेल तर उत्तम. गार इंजिनावर, रेडिएटरच्या कॅपवर लिहिला आहे तेवढाच दाब द्या, बहुतेक ०.९ किंवा १.१ बार, आणि पंधरा मिनिटं काट्याकडे लक्ष ठेवा.

इथे गळती रेडिएटरच्या खालच्या होज पाइपाला होती. क्लिपच्या कडेने पांढरट-हिरवी खपली बसली होती, आणि क्लिप सैल केल्यावर तिच्याखालचं रबर दाबून चपटं झालेलं, टोकाला बारीक चिरा गेलेलं दिसलं. अशा वेळी क्लिप आणखी आवळून भागत नाही, चीर वाढते. कॅपचं रबरही कडक झालं होतं. कॅप दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं आणि रिझर्व्ह टाकीतून बाहेर येतं, मग माणूस गळती भलतीकडेच शोधत बसतो.

काम पूर्ण गार इंजिनावरच करायचं. गाडी उचलली तर घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली शिरू नका. कूलंट स्वच्छ टबात काढा. ते जमिनीवर किंवा गटारात सोडायचं नाही. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चव गोड असते, आणि कुत्री-गुरं चाटून मरतात. जुना पाइप पिळून सैल करा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला तर रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड तुटतं आणि तीनशे-चारशेचं काम हजारांवर जातं. तोंडावरची खपली बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नवा पाइप शेवटपर्यंत बसवा. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे आणि पाइपाच्या टोकापासून पाचेक मिलिमीटर आत यायला हवी. क्लिपच्या खाचांतून रबर फुगून बाहेर येईल इतकी आवळू नका.

छोट्या गाडीत साधारण चार-पाच लिटर कूलंट बसतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड पाणी घाला, तयार मिश्रण असेल तर पाणी अजिबात नको. रंग बघून दोन जातींची भेसळ करू नका. आता सर्वात जास्त चुकणारी गोष्ट, हवा काढणं. हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी, गाडी आयडलवर. वरचा होज हाताने हलके दाबत राहा. बुडबुडे येऊन पातळी उतरली की भरा. कूलंट उसळून वर यायला लागलं तर लगेच कॅप लावा. पंखा दोनदा लागून बंद झाला की झालं. हवा राहिली तर तापमानाचा काटा विनाकारण वर-खाली होतो आणि हीटर गार वारा देतो. दुसऱ्या सकाळी टाकीतली पातळी पुन्हा बघा.

डिकीत दोन लिटर डिस्टिल्ड पाणी, लिटरभर कूलंट, दोन जादा क्लिपा, स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, जाड फडकं आणि तोच पुठ्ठा ठेवा. वाटेत पाइप टोकाशी फाटला आणि लांबीला वाव असेल तर फाटका भाग कापून उरलेला परत बसवावा; टेपपेक्षा हा उपाय भरवशाचा.

महूपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. जाम गेट अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१चा. तिथे थांबून खालचं निमाड बघावं आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये उतरावं. वळणं तीव्र आहेत, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत टिकतं, पण ते हवेतली ओल शोषतं आणि मग १४० अंशांनाच उकळू शकतं. पेडल मऊ लागलं की थांबा.

महेश्वरात किल्ल्याजवळच्या गल्ल्या अरुंद आहेत. गाडी अलीकडे सपाट जागी लावून खाली पुठ्ठा सरकवा आणि मग घाटावर जा. परत आल्यावर पुठ्ठ्यावर एसीचं पाणी होतं, होज कोरडा होता. वॉटर बॉडीच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या बारीक छिद्राशी मात्र वाळलेला ओघळ दिसला. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर यावं म्हणून ते छिद्र ठेवलेलं असतं. एम-सील लावून ते बुजवू नका. ओघळ पुसून कोरडा केला आणि परतीवर नजर ठेवली.

गुजरीनंतरच्या चढावर ट्रकांच्या मागे गाडी रेंगाळते. ताण पूर्ण, वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. दुपारी तीनला हा घाट चढू नका; सूर्य कलल्यावर किंवा सकाळी लवकर चढा. खालचा गिअर, अडीच ते तीन हजार आरपीएम. काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकला तर एसी बंद आणि हीटर पूर्ण सुरू. वाफ दिसली तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा, कॅपला किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

काटा मानपूरपर्यंत हलला नाही. दुसऱ्या सकाळी टाकीतली पातळी खुणेवर होती, पण छिद्राशी पुसलेल्या जागी नवा थेंब आला होता. त्यामुळे पुढच्या लांब प्रवासाआधी वॉटर बॉडी पॅकिंगसह बदलायची. ती टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही त्याच वेळी बदलून घ्या, कारण उघडायची मजुरी एकदाच लागते.