पाचवा सूर कुठे गळतोय?

तक्रार एका ओळीची होती: जोडीतला डावा लूर पाचवा सूर धरत नाही. लूर म्हणजे कांस्ययुगातलं, फुंकून वाजवायचं लांब, वळलेलं वाद्य. चौथा स्वच्छ लागतो, सहावाही लागतो. पाचव्यावर मात्र आवाज फाटतो, नाहीतर घसरून चौथ्यावर येतो. कोपनहेगनमधल्या आमच्या दुरुस्तीच्या कार्यशाळेत एरवी ट्रॉम्बोन आणि फ्रेंच हॉर्न येतात. त्या सकाळी टेबलावर कांस्याचे हे दोन लूर पडले होते. प्रतिकृतीच, पण मेण गाळून, जुन्या पद्धतीनेच ओतलेल्या.

नमुना ब्रुडेवेल्टेच्या लुरांचा. डेन्मार्कच्या झीलंड बेटावर, उत्तरेकडच्या त्या दलदलीत १७९७ साली सहा लूर निघाले, म्हणजे तीन जोड्या. काळ इसवी सनापूर्वी ८०० च्या आसपासचा. जोडीतला एक डावीकडे वळलेला, दुसरा उजवीकडे, बैलाच्या दोन शिंगांसारखे. नळी दोनेक मीटर लांब, ओठ लावायच्या मुखाकडून दुसऱ्या टोकाच्या उघड्या तोंडाकडे सारखी रुंदावत जाणारी, आणि जाडी अवघी एक-दीड मिलिमीटर. टोकाला सपाट, नक्षीदार तबकडी. आजच्या ट्रम्पेटसारखा फुलत गेलेला कर्णा नाही. मुखाची वाटी मात्र ट्रॉम्बोनवाल्याला लगेच ओळखू येईल अशी आहे.

लुराला भोकं नाहीत, पडदे नाहीत. ओठ आवळायचे आणि नैसर्गिक सूरमालिकेत एकेक पायरी वर चढायचं. आपल्या तुतारीचंही तत्त्व हेच. दुसरा सूर षड्ज धरला तर तिसरा पंचम, चौथा वरचा षड्ज, पाचवा गंधार, सहावा पुन्हा पंचम. सातवा आपल्या कोमल निषादापेक्षाही थोडा उतरलेला. म्हणजे तक्रार गंधाराची होती. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गंधार, तोच हा.

वादकाला वाटत होतं की दोष मुखाचा आहे. मला ते पटेना. मुखाशी सगळ्याच सुरांचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथे फट असती तर सगळेच सूर आजारी पडले असते. इथे चौथा, सहावा असे सम क्रमांकाचे सूर धडधाकट होते. मी त्यांना तिसरा आणि सातवा लांबवून वाजवायला सांगितला. तिसरा पोकळ निघाला, सातवा लागेचना. निदान तिथेच अर्धं झालं. शंकूच्या आकाराच्या नळीत मध्यावर विषम सुरांचा दाब मोठा असतो आणि सम सुरांचा जवळजवळ शून्य. मध्यावरच्या गळतीचं सम सुरांना काही वाटत नाही, विषम मात्र कोलमडतात. लुराचं मुखाकडचं टोक शंकूच्या शेंड्याइतकं निमुळतं नसतं, म्हणून हिशेब ढोबळ. पण कुठे शोधायचं ते कळायला पुरेसा.

खात्री करायला तबकडीकडचं तोंड रबरी फुग्याने बंद केलं, मुखात बारीक नळी बसवली आणि २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब दिला. वादकाच्या तोंडातला दाब यापेक्षा कमी क्वचितच असतो, त्यामुळे एवढ्यावर जे गळतं ते वाजवतानाही गळणारच. मग साबणाचं पाणी ब्रशने फिरवलं. आधी पाहिल्या त्या ओतताना आतला मातीचा गाभा जागेवर धरणाऱ्या कांस्याच्या खुंट्या. पातळ भिंतीत या नीट वितळून मिसळल्या नाहीत, तर भोवती सुईएवढं भोक राहतं. एकही बुडबुडा नाही. मधल्या कड्याशी ब्रश आला आणि खालच्या बाजूने बारीक फेसाची रांग उठली.

दोन मीटरची इतकी पातळ नळी एका दमात ओतणं कठीण, म्हणून ती तुकड्यांत ओततात आणि सांध्यावर बाहेरून कडं ओतून तुकडे बांधतात. दहा टक्के कथील असलेलं कांस्य ११०० अंशांच्या वर तापवून ओतलं, तरी आतली नळी त्या मानाने थंडच असते. कडं गोठताना आकसतं आणि नळीला घट्ट आवळतं, पण दोन्ही धातू एकजीव होतातच असं नाही. नळीवर काजळी किंवा ऑक्साइडचा पापुद्रा असेल तर केसाएवढी फट राहते. डोळ्यांना दिसत नाही, गंधाराला कळते.

डाग द्यायचा विचार मी केलाच नाही. एवढ्या पातळ नळीला एका जागी आच दिली तर ती वाकते, आणि वळण बिघडलेला लूर जोडीला निरुपयोगी. मधमाशीचं मेण तीन भाग, राळ एक भाग, मंद आचेवर एकत्र केलं. कडं गरम हवेने मेण जेमतेम वितळेल इतकंच तापवलं. मिश्रण बाहेरून लावलं आणि नळीच्या दुसऱ्या टोकाकडून हलकं शोषण दिलं, म्हणजे ते फटीत ओढलं जातं. आत थेंब लोंबला तर तो वाट अडवतो, म्हणून ऊब असतानाच कापडाचा बोळा दोरीने नळीतून ओढून घेतला. दुसऱ्या चाचणीत फेस नाही. पाचवा सूर पहिल्याच फुंकरीत उभा राहिला.

मग जोडी एकत्र वाजवली आणि नवीनच गोंधळ. दोघे चौथ्या सुरावर, आणि आवाजात सेकंदाला तीनेक लहरी. उजव्याच्या वादकाने लगेच मुख बाहेर ओढायला घेतलं. मी थांबवलं. त्याचा लूर दुपारभर हातात होता, दुरुस्त केलेला थंड पडलेला. आतली हवा पाच अंशांनी गरम असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला तीन मीटरने वाढतो. ३४३ हर्ट्झच्या सुरात तेवढ्याने तीन हर्ट्झचा फरक पडतो. लांबीने हाच फरक पाडायचा तर जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर लागतात. थंड लुरात काही वेळ नुसता श्वास सोडायला लावला. लहरी मंदावत गेल्या आणि थांबल्या.

लूर कोणत्या चालीत वाजत, हे सांगणारं एकही लिखित चिन्ह नाही. स्वीडनमधल्या बोहुसलेनच्या कातळशिल्पांत वादक दिसतात, सूर दिसत नाहीत. म्हणून कोणी ‘कांस्ययुगीन राग’ वाजवून दाखवला की माझा विश्वास बसत नाही. हात मात्र दिसतो: उलट्या वळणाचे दोन लूर एकाच लांबीचे आणि एकाच सुराचे ओतणाऱ्याला दोन्ही एकत्र वाजायला हवे होते. एकाने चौथा आणि दुसऱ्याने पाचवा धरला, तेव्हा त्यांच्या खाली ८६ हर्ट्झचा खर्ज ऐकू आला, जो कुणीच वाजवत नव्हतं.

मुखाजवळ लोंबणाऱ्या पत्र्या वादकांनी चिकटपट्टीने बांधून ठेवल्या होत्या, खडखडतात म्हणून. खडखडण्यासाठीच त्या तिथे आहेत, असं माझं मत. चाचणी संपल्यावर पट्टी काढायला लावली. सोबत दिलेल्या चिठ्ठीत तीन गोष्टी लिहिल्या: उन्हात गाडीत ठेवू नका (मेण सुटेल), तबकडीवर उभा करू नका, वाजवण्याआधी दोन्ही सारखेच गरम करा.