जाफन्याची ॲम्ब्युलन्स

श्रीलंका म्हटलं की आपल्याकडचे टूरवाले कँडी, नुवारा एलिया आणि बेंटोटाचा किनारा एवढंच दाखवतात. मला उत्तरेतलं तमिळबहुल जाफना बघायचं होतं आणि आईला तिथलं नल्लूरचं कंदस्वामी मंदिर. त्यामुळे कोलंबोत फार रेंगाळलो नाही. चिनी कर्जातून बांधलेला, साडेतीनशे मीटरहून उंच लोटस टॉवर लांबूनच पाहिला. समुद्रात भराव घालून उभं राहत असलेलं पोर्ट सिटीसुद्धा चिनी कंपनीचंच काम. मग फोर्ट स्टेशनवरून गाडी पकडली. यादवी युद्धात 1990 साली बंद पडलेला हा उत्तरेचा लोहमार्ग भारताच्या कर्जातून आपल्या इरकॉन या सरकारी कंपनीनं नव्यानं घातला, आणि 2014 मध्ये जाफन्याला पुन्हा रेल्वे आली. अनुराधपुरा मागे पडलं की बाहेर ताडच ताड दिसतात. आई तर खिडकी सोडायला तयार नव्हती.

जाफन्यात एका घरगुती गेस्टहाउसमध्ये उतरलो. मालकीणबाई साठीच्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही अक्काच म्हणू लागलो. दुसऱ्या दिवशी देवळातून परतलो आणि ओसरीवरच आईला भोवळ आली. हात गार पडलेले, ओठ कोरडे. मी रिक्षा बघायला धावणार तोच अक्कांनी फोन उचलून 1990 हा ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवला. गाडी लगेच आली. आतून उतरलेल्या तरुण मुलीनं आईच्या बोटाला क्लिप लावली, रक्तदाब बघितला, सुई टोचून साखर तपासली. हे सगळं 'अम्मा, अम्मा' करत, इतक्या मायेनं, की आईनं तिचा हात धरला तो हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही. मी पाकीट काढलं तर तिनं मान हलवली. पैसे नसतात.

"तुमच्याच देशानं दिली ही गाडी," अक्का म्हणाल्या.

मला खरंच माहीत नव्हतं. 'सुव सेरिय' नावाची ही मोफत सेवा 2016 साली भारताच्या अनुदानातून पश्चिम आणि दक्षिण प्रांतांत सुरू झाली, आणि पुढे आणखी अनुदान मिळून बेटभर पसरली. माझी छाती अभिमानानं भरून आली, हे लपवत नाही.

आईला सलाईन लावलं होतं. बाहेरच्या बाकावर अक्का माझ्याजवळ बसल्या आणि आपणहून बोलायला लागल्या. 1987 च्या जूनमध्ये श्रीलंकेच्या लष्करानं जाफन्याची कोंडी केली होती, तेव्हा भारतीय हवाई दलाच्या पाच एएन-32 विमानांनी वरून अन्नधान्य टाकलं. सोबतीला मिराज लढाऊ विमानं. अक्का तेव्हा गच्चीवर चढून हात हलवत होत्या. जुलैअखेर भारत-श्रीलंका करार झाला, भारताची शांतिसेना उतरली, लोकांनी जवानांना हार घातले. ऑक्टोबरमध्ये त्याच सेनेची लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढाई जुंपली. आणि 21 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, भारतीय जवान या हॉस्पिटलमध्ये शिरले. डॉक्टर, नर्स, रुग्ण मिळून साठहून अधिक माणसं मारली गेली. आतून गोळीबार झाला, असं भारतीय बाजूचं म्हणणं. आत फक्त रुग्ण आणि कर्मचारी होते, असं त्यातून जिवंत वाचलेल्यांचं. त्यांच्यासाठी इथे दर वर्षी त्या तारखेला श्रद्धांजली वाहतात.

अक्कांच्या आवाजात राग नव्हता. एवढंच म्हणाल्या, "तेव्हाही तुम्ही मदतीलाच आला होतात."

हे वाक्य मला अजून सोडत नाही. शांतिसेनेचे सुमारे बाराशे जवान या बेटावर कामी आले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन महार रेजिमेंटचे. 25 नोव्हेंबर 1987 ला ते याच भागात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या बाकावर बसून मला पटलं की त्यांना ज्या कामावर धाडलं, ते बंदुकीनं होण्यासारखं नव्हतंच. जूनमध्ये कमावलेलं सगळं दिल्लीनं ऑक्टोबरमध्ये घालवलं, आणि ते परत जोडायला रूळ, घरं, ॲम्ब्युलन्स असं काय काय द्यावं लागलं. 2022 मध्ये लंकेची तिजोरी रिकामी झाली तेव्हा इंधन, औषधं, उधारी धरून भारतानं चार अब्ज डॉलरच्या घरात मदत केली.

चीनही इथे पोचलाय. डिसेंबर 2021 मध्ये चिनी राजदूत जाफन्यात आले आणि वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर नेसून, उघड्या अंगानं नल्लूरच्या देवळात गेले. हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे गेलं, ते दुसऱ्या टोकाला, दक्षिणेत. तिथे जायची माझी इच्छाही नव्हती. बंदर ताब्यात येतं, माणसं येत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

आणि आपणही मनं जिंकलीच आहेत असं समजू नये. आई बरी झाल्यावर आम्ही भारतानं बांधून दिलेलं सांस्कृतिक केंद्र पाहिलं. 1981 मध्ये जाळलेल्या आणि पुन्हा उभारलेल्या ग्रंथालयाच्या शेजारची ही उंच, देखणी इमारत. जानेवारी 2025 मध्ये तिला प्राचीन तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचं नाव दिलं, त्यात जाफना हा शब्दच गळला. लोक चिडले. मग तो परत घालावा लागला. भेट देताना घेणाऱ्याला आधी विचारायला काय हरकत होती?

गुरुनगरच्या धक्क्यावर एका कोळ्यानं मला फाटलेलं जाळं पसरून दाखवलं. तमिळनाडूचे ट्रॉलर रात्री इकडे घुसतात, समुद्राचा तळ खरवडून नेतात आणि यांची जाळीही तोडतात. हे भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. ज्या तमिळ माणसांसाठी आपण एवढं केलं, त्यांचीच चूल आपल्या ट्रॉलरमुळे विझते, याची मला शरम वाटली. दिल्ली आणि चेन्नई दोघांनी मिळून हे ट्रॉलर थांबवायलाच हवेत. त्या कोळ्याला ॲम्ब्युलन्सबद्दल विचारलं. म्हणाला, चांगली आहे, बायकोच्या बाळंतपणात आली होती. आणि पुन्हा जाळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "याचं काय?"